रोमनंतरच्या काळातील थडगी : संपन्न दफन ही सत्तेची खूण मानावी की अस्थिरतेची?

पाषाणलेख यांचा प्रश्न

पश्चिम रोमन साम्राज्याची घडी विस्कटल्यानंतरच्या दोन-अडीच शतकांविषयी सध्या वाचतो आहे आणि एका मुद्द्यापाशी वारंवार अडतो आहे. पाचव्या शतकाच्या मध्यापासून उत्तर गॉल (गॉल म्हणजे साधारणपणे आजचा फ्रान्स आणि लगतचा मुलूख), ऱ्हाइन नदीचे खोरे आणि आजची दक्षिण जर्मनी या पट्ट्यात ओळींनी मांडलेल्या थडग्यांच्या विस्तीर्ण दफनभूमी आढळतात. मृताचे डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात. त्याला पूर्ण पोशाखात पुरलेले असते. पुरुषाजवळ दुधारी तलवार, भाला, ढाल किंवा फेकण्याची कुऱ्हाड असते, स्त्रीजवळ ब्रोच, मण्यांच्या माळा आणि कमरेला लटकवलेल्या लहानसहान वस्तू असतात आणि बहुधा पायाशी मातीचे किंवा काचेचे एखादे भांडे असते. ही रीत सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकते आणि मग विरत जाते.

या थडग्यांचा जो अर्थ मी प्रथम वाचला तो सरळ होता. ज्याच्या थडग्यात सामग्री अधिक, त्याचा मान अधिक. १९७० च्या दशकात दक्षिण जर्मनीतील थडग्यांची अ ते ड अशी चढत्या संपन्नतेची वर्गवारीही करण्यात आली आणि तिच्यावरून शेतकरी, सधन कुळे, स्थानिक सरदार आणि राजघराणी अशा पायऱ्या कल्पिल्या गेल्या. रोमन राज्ययंत्रणा नाहीशी झाल्यावर गावपातळीवर नवा अभिजनवर्ग कसा उदयाला आला, हे या पायऱ्यांवरून वाचता येते, असे त्यामागचे गृहीतक आहे.

माझी शंका अशी आहे. चौथ्या शतकातील गॉलमधला मोठा जमीनदार या तलवारधारी पुरुषांपेक्षा कितीतरी श्रीमंत होता, तरीही त्याच्या थडग्यात बहुधा फारसे काही सापडत नाही. मग संपत्ती आणि दफनसामग्री यांचे प्रमाण सरळ आहे असे कोणत्या आधारावर मानायचे? शिवाय सामग्री ठेवणारे हात मृताचे नसतात, मागे राहिलेल्या नातेवाइकांचे असतात, त्यामुळे थडगे नेमके कोणाविषयी साक्ष देते हाही प्रश्न उरतो. तेव्हा या थडग्यांमध्ये स्थानिक अभिजनांचा उदय खरोखर दिसतो का, की आधीपासून असलेला वर्ग केवळ नव्या पद्धतीने दिसू लागतो? जाणकारांनी शक्य तेथे ठोस उदाहरणे देऊन लिहावे, ही विनंती.

मृद्भांड यांचा प्रतिसाद

आपल्या शंकेतच उत्तराचा मोठा भाग आहे. चौथ्या शतकातील जमीनदाराला थडग्यात तलवार ठेवण्याची गरज का नव्हती, हे आधी पाहू. त्याचे मोठेपण राज्ययंत्रणेने दिलेले होते. नगरसभेतील स्थान, साम्राज्याच्या सेवेतील पद, त्या पदाचा पट्टा आणि झगा, करवसुलीतील वाटा आणि जमिनीची मालकी शाबूत ठेवणारी न्यायालये या सर्वांवर ते उभे होते. तो मेला तर मृत्युपत्र होते आणि ते अमलात आणणारी व्यवस्थाही होती. मोझेकची फरशी असलेल्या वाड्यातून त्याचे वैभव रोज दिसत असे, त्यामुळे अंत्यविधीच्या एका दिवसावर त्याच्या घराण्याचे भवितव्य अवलंबून नव्हते.

उत्तर गॉलमध्ये हा आधार इतर प्रांतांच्या मानाने लवकर ढासळला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राटांचे दरबार ट्रियरमधून कायमचे हलले आणि गॉलच्या सर्वोच्च प्रशासकाचे कार्यालय दक्षिणेला आर्ल येथे गेले. पदे, पगार आणि मानमरातब यांचा स्रोतच दूर गेला. याच सुमारास उत्तरेकडील ग्रामीण वाडे ओस पडू लागतात आणि नेमक्या याच सुमारास, म्हणजे रांगांच्या दफनभूमींच्या दोन पिढ्या आधी, सोम नदीच्या परिसरातील व्हेरमाँसारख्या ठिकाणी शस्त्रे आणि भारी कमरपट्टे असलेली थडगी दिसू लागतात. पुरातत्त्वज्ञ योआखिम वेर्नर यांनी १९५० च्या सुमारास या थडग्यांचा संबंध साम्राज्याने गॉलमध्ये वसवलेल्या जर्मनिक लोकांशी जोडला आणि ते मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. परंतु हे कमरपट्टे रोमन कारखान्यांतील आहेत, ते रोमन पदाचे चिन्ह आहेत आणि ऱ्हाइनपलीकडच्या ज्या मुलखातून हे लोक आले असे मानले जाई तेथे तेव्हा बहुतेक ठिकाणी दहनाची चाल होती. इतिहासकार गाय हॅलसॉल यांनी याच आधारावर असे मांडले, की ही थडगी परक्यांची असलीच पाहिजेत असे नाही, मागे हटत चाललेल्या सत्तेची जागा घेऊ पाहणाऱ्या स्थानिक पुढाऱ्यांचीही ती असू शकतात. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते.

हॅलसॉल यांचे मेस शहराच्या परिसरातील सहाव्या शतकाच्या दफनभूमींवरचे काम आपल्या दुसऱ्या शंकेला थेट भिडते. तेथे सामग्रीचे प्रमाण घराण्यापेक्षा वय आणि लिंग यांच्याशी अधिक घट्ट बांधलेले दिसते. विवाहाच्या वयाच्या आसपासच्या तरुण स्त्रिया आणि घर उभे करण्याच्या वयातले पुरुष यांच्याजवळ सर्वाधिक वस्तू आहेत, तर वृद्धांजवळ, विशेषतः वृद्ध स्त्रियांजवळ, त्या लक्षणीय रीतीने कमी आहेत. दर्जा जन्माने पक्का झालेला असता तर साठीतल्या कुलप्रमुखाचे थडगे सर्वांत भरलेले असायला हवे होते. प्रत्यक्षात ज्या मृत्यूमुळे सोयरिकी तुटतात, लहान मुले पोरकी होतात आणि वारसा वादात सापडतो, त्या मृत्यूला सर्वाधिक खर्च झालेला आहे. अंत्यविधीला जमलेल्या शेजाऱ्यांसमोर आणि प्रतिस्पर्ध्यांसमोर त्या घराने आपली पत अजून शाबूत आहे हे दाखवून दिले, असा याचा अर्थ लावता येतो.

लिखित साधनांतही याला पुष्टी देणारा एक प्रसंग आहे. सहाव्या शतकातील इतिहासलेखक, तूरचा बिशप ग्रेगरी सांगतो, की गुंट्राम बोसो नावाच्या बड्या सरदाराच्या पत्नीची एक नातेवाईक निपुत्रिक वारली आणि तिला मेसजवळच्या एका चर्चमध्ये भरपूर सोने व दागिने यांसह पुरण्यात आले, पुढे बोसोच्याच नोकरांनी ते थडगे फोडून ऐवज पळवला. ग्रेगरीने ही हकिगत चोरीच्या निषेधासाठी लिहिली असली, तरी ती स्त्री निपुत्रिक होती हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. वारस नसलेल्या स्त्रीची संपत्ती ही सहज वादाला तोंड फोडणारी गोष्ट होती.

याचा अर्थ असा, की भरलेली थडगी स्थानिक सत्ता होती हे सांगतात, पण ती सत्ता वंशपरंपरेने पक्की झालेली नव्हती हेही त्याच वेळी सांगतात.

लोहकार यांचा प्रतिसाद

मृद्भांड यांचे विवेचन विचारप्रवृत्त करणारे आहे, परंतु मला ते एका टोकाला गेल्यासारखे वाटते. प्रत्येक संपन्न थडगे हे चिंताग्रस्त कुटुंबाचे प्रदर्शन, असे म्हणू लागलो तर खरोखर बलाढ्य माणसांना ओळखण्याचे साधनच हातून जाईल.

आजच्या बेल्जियममधील तूर्ने येथील चिल्डेरिक या फ्रँक (एका जर्मनिक लोकसमूहाच्या) राजाच्या थडग्याचे उदाहरण घ्या. १६५३ साली बांधकामाच्या खोदाईत ते अचानक सापडले. त्यात 'राजा चिल्डेरिक' असे कोरलेली मुद्रेची सोन्याची अंगठी होती, शंभराहून अधिक सोन्याची आणि दोनशेहून अधिक चांदीची नाणी होती, लाल खड्यांनी मढवलेली तलवार होती, मधमाश्यांच्या आकाराचे सुमारे तीनशे सोनेरी अलंकार होते आणि खांद्यावर झगा अडकवण्यासाठी रोमन सेनाधिकारी वापरत त्या घडणीचा सोन्याचा ब्रोच होता. चिल्डेरिक ४८१ किंवा ४८२ साली वारला. १९८० च्या दशकातील उत्खननात त्याच्या थडग्याच्या आसपास तीन खड्ड्यांत पुरलेले एकवीस घोडे सापडले. एकवीस घोडे मारून पुरणारी व्यक्ती शेजाऱ्यांवर छाप पाडण्यासाठी धडपडणारा गावचा पाटील नव्हे. (यातील बहुतेक ऐवज १८३१ साली पॅरिसमधील राजग्रंथालयातून चोरीला गेला आणि वितळवला गेला. आज आपण त्याविषयी बोलू शकतो ते १६५५ मध्येच त्याचे सचित्र वर्णन छापले गेले म्हणून.)

या वस्तूंची किंमतही विचारात घ्यावी. रिपुआरियन फ्रँकांच्या कायद्यात भरपाई वस्तुरूपाने देण्यासाठी दर ठरवलेले आहेत. त्यात धडधाकट बैलाला २ सॉलिडस (रोमन सोन्याचे नाणे), म्यानासह तलवारीला ७, शिरस्त्राणाला ६ आणि चिलखताला १२ असे मूल्य आहे. म्हणजे म्यानासह एक तलवार जमिनीत गाडणे म्हणजे साडेतीन बैल गाडण्यासारखे होते. वय आणि लिंग यांमुळे कोणाला काय द्यावे हे ठरत असेलही, पण हा खर्च कोण करू शकत होते हे संपत्तीनेच ठरत होते.

याशिवाय गेल्या काही वर्षांतील जनुकीय अभ्यासांनी नातेसंबंधांविषयी नवी माहिती दिली आहे. दक्षिण जर्मनीत नीडरश्टॉत्सिंगेन येथे १९६२ मध्ये सापडलेल्या लहानशा दफनभूमीतील १३ व्यक्तींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील पाच जण एकमेकांचे जवळचे रक्तसंबंधी निघाले आणि त्यांच्याजवळच्या वस्तू मात्र फ्रँक, लोंबार्ड आणि बायझंटाइन अशा तीन वेगवेगळ्या परंपरांच्या होत्या. उरलेल्यांपैकी काहींची मुळे दक्षिण युरोपात होती. रक्ताने बांधलेले घराणे, त्याच्याभोवती जमवलेली माणसे आणि दूरच्या दरबारांशी असलेले संबंध, हे सर्व एका ठिकाणी दिसते. त्याच वर्षी हंगेरीतील सोलाद आणि इटलीतील कोलेन्यो येथील लोंबार्ड काळातील दफनभूमींचा अभ्यास झाला, त्यातही मोठी कुटुंबे दफनभूमीच्या रचनेच्या केंद्रस्थानी होती आणि समृद्ध सामग्री मुख्यतः उत्तर व मध्य युरोपीय वंशाच्या व्यक्तींजवळ होती. हे पाहता घराण्यांचे स्थान इतके डळमळीत होते असे म्हणणे कठीण आहे, आणि स्थलांतराचा प्रश्नही इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही.

पाषाणलेख

दोघांचेही आभार. आपल्या दोन भूमिकांमध्ये मला पूर्ण विरोध दिसत नाही, कारण चिल्डेरिक स्वतःच एका नव्या राजघराण्याच्या आरंभी उभा आहे. पण त्यातून पुढचा प्रश्न निघतो. जेथे सामग्रीसह पुरण्याची चाल आलीच नाही, त्या प्रदेशांत अभिजन नव्हते काय? आणि दक्षिण गॉलमध्ये तसेच प्रबळ कुटुंब उत्तरेतल्याइतका खर्च थडग्यावर करत नसेल, तर तो कशावर करत होते?

वाळूघड्याळ यांचा प्रतिसाद

या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण थडग्यांवरच्या चर्चेत ही तुलना नेहमी मागे पडते.

लुआर नदीच्या दक्षिणेला सिनेटर घराणी पाचव्या शतकातही टिकून होती. सिडोनियस अपोलिनारिस हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सम्राटाचा जावई, रोम शहराचा प्रशासक आणि अखेरीस ४७० च्या सुमारास क्लेरमाँचा बिशप, असा त्याचा प्रवास झाला. साम्राज्याची पदे संपत आली तेव्हा या वर्गाने बिशपपदे हाती घेतली. शहर, त्याची तटबंदी, गरिबांना धान्य, संतांचे अवशेष आणि पत्रव्यवहाराचे जाळे हे सर्व त्या पदाबरोबर येत होते. पैसा चर्चच्या इमारतींत आणि कोरीव दगडी शवपेट्यांत गेला. थडग्यात तलवार ठेवून या लोकांना काहीच मिळणार नव्हते. तूरचा ग्रेगरी याच वर्गातला होता आणि आपल्या आधीचे तूरचे बिशप, पाच अपवाद सोडता, सर्व आपल्या कुळाशी नात्याने जोडलेले होते असे तो अभिमानाने नोंदवतो.

ब्रिटनचे चित्र अधिक तीव्र आहे, कारण एकाच बेटावर दोन पद्धती शेजारी शेजारी आहेत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तेथे नव्या नाण्यांचा पुरवठा थांबला, मोठ्या प्रमाणावरचे कुंभारकाम बंद पडले आणि शहरे ओसरली. पूर्वेला त्यानंतर सामग्रीसह दफने आणि दहने आली. तेथे मोठे स्थलांतर झाले होते यात आता फारशी शंका उरलेली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधील तत्कालीन लोकांच्या वंशात उत्तर समुद्राकाठच्या खंडीय लोकांचा वाटा ७६ टक्क्यांपर्यंत असल्याचे दिसले. पश्चिमेला मात्र मृतांना जवळजवळ काहीही न ठेवता पुरले गेले. कोणी केवळ थडगी मोजली तर पश्चिम ब्रिटन हा समान, गरीब आणि नेतृत्वहीन समाज होता असेच म्हणेल.

तसे ते नव्हते. कॉर्नवॉलमधील टिंटॅजेल येथे पूर्व भूमध्यसागरातून आलेल्या मद्याच्या आणि तेलाच्या कुंभांचे ढीग सापडले आहेत. वेल्समधील डिनास पाविस या छोट्या टेकडीवरच्या तटबंदीतही असेच दूरचे सामान आणि दागिन्यांच्या ओतकामाचे पुरावे आहेत. शिवाय कोरीव दगड आहेत. पेनमाख्नो येथील एका दगडावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, की येथे विसावलेला माणूस व्हेनेडोस, म्हणजे ग्विनेड राज्याचा नागरिक आणि मॅग्लस या दंडाधिकाऱ्याचा चुलतभाऊ होता. रोमन सैन्य जाऊन कित्येक दशके लोटल्यानंतर वेल्सच्या डोंगरांत कोणी तरी स्वतःला नागरिक म्हणवतो आणि दंडाधिकाऱ्याशी असलेले नाते दगडावर कोरून ठेवतो. तलवारीने उत्तर गॉलमध्ये जे काम केले, ते काम येथे पदाच्या नावाने केले. टेकडीवरची मेजवानी, दूरवरून आलेले मद्य आणि रस्त्याकडेचा शिलालेख ही या अभिजनांची साधने होती.

म्हणून थडग्यांची तुलना एकाच प्रदेशात, एकाच काळात आणि एकाच चालीच्या आतच करावी. वर उल्लेखिलेली अ ते ड श्रेणी तिच्या मूळ मुलखात काही प्रमाणात उपयोगी आहे, पण तीच मोजपट्टी दक्षिणेला किंवा पश्चिमेला लावण्यात काही अर्थ नाही.

कायद्यांविषयीही एक भर घालतो, कारण लोहकार यांनी तो विषय काढलाच आहे. चिल्डेरिकचा मुलगा राजा क्लोव्हिस याच्या अखेरच्या वर्षांत, साधारण ५०७ ते ५११ च्या दरम्यान, संकलित झालेल्या सॅलिक कायद्यात स्वतंत्र फ्रँकच्या खुनाची भरपाई २०० सॉलिडस आहे आणि राजाच्या खास पथकातील माणसाची ६००. रोमन जमीनदाराची १०० आणि राजाच्या पंक्तीला बसणाऱ्या रोमन माणसाची ३००. जन्माने श्रेष्ठ अशा सरदारवर्गाचा त्यात उल्लेखच नाही. मोल तिप्पट होते ते राजाच्या जवळिकीने, म्हणजे राजाची मर्जी गेली की जाऊ शकेल अशा गोष्टीने. याउलट आठव्या शतकातील बव्हेरियन कायदा हुओसी, द्रोत्सा, फागाना, हाहिलिंगा आणि अन्निओना ही पाच घराणी नावानिशी सांगतो, त्यांना दुप्पट भरपाई देतो आणि ड्यूकच्या आगिलोल्फिंग कुळाला चौपट. सहाव्या शतकाच्या आरंभी नसलेली गोष्ट आठव्या शतकात लेखी आहे. हे दोन कायदे वेगवेगळ्या मुलखांतले आहेत हे मान्य केले, तरी वंशपरंपरागत अभिजनांचा उदय याच अंतरात शोधावा लागतो आणि भरलेली थडगी नेमकी याच अंतरात बसतात.

मृद्भांड यांचा प्रतिसाद

वाळूघड्याळ यांनी कायद्यांचा जो दाखला दिला त्याने माझे काम सोपे केले. लोहकार यांच्या आक्षेपांना आता क्रमाने न जाता, जेथे मतभेद खरा आहे तेथेच उत्तर देतो.

चिल्डेरिक बलाढ्य होता हे मला मान्यच आहे. प्रश्न असा आहे, की त्याचे थडगे कोणी रचले. ते उघडच त्याचा मुलगा क्लोव्हिस याने रचले असणार, आणि तो तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. वडिलांची सत्ता अर्धी रोमन सेनापतीची आणि अर्धी फ्रँक राजाची होती. ती आपोआप मुलाकडे जाईल अशी कोणतीही हमी नव्हती, कारण उत्तर गॉलमध्ये दुसरे फ्रँक राजेही होते आणि सुआसाँमध्ये सायाग्रिअस हा रोमन सत्ताधीश होता. रोमन ब्रोच आणि घोड्यांचे बळी एकाच समारंभात आणणे हे दोन वेगवेगळ्या श्रोत्यांना उद्देशून केलेले निवेदन आहे. आता याच क्लोव्हिसचा मृत्यू पाहा. ५११ मध्ये तो वारला तेव्हा प्रतिस्पर्धी राजे संपलेले होते, राज्य पिरेनीजच्या दिशेने पसरले होते आणि त्याला पॅरिसमध्ये त्यानेच बांधवलेल्या चर्चमध्ये पुरण्यात आले. घोडे नाहीत, मातीचा उंचवटा नाही. बाप आणि मुलगा यांच्यात मुलगा निःसंशय अधिक शक्तिमान होता.

लोहकार यांनी जनुकीय अभ्यास पुढे आणला, तो मी नाकारत नाही. नीडरश्टॉत्सिंगेनमध्ये एकत्र पुरलेले रक्तसंबंधी आहेत, पण रक्तसंबंध असणे आणि त्या रक्ताच्या बळावर हक्क सर्वमान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेथे रक्ताचे नाते नसलेली काही माणसेही त्याच मानाने पुरलेली आहेत, यावरून पथक आणि घराणे यांच्या सीमा अजून एकमेकांत मिसळलेल्या होत्या असे मला दिसते.

शस्त्रे ठेवलेला प्रत्येक जण योद्धा नव्हता याविषयी मात्र आता फारसा वाद नाही. हाइनरिख हेर्के यांनी इंग्लंडमधील शस्त्रयुक्त थडग्यांची तपासणी केली तेव्हा प्रौढ पुरुषांच्या जवळजवळ निम्म्या दफनांत शस्त्रे आढळली आणि त्यांत लढणे शक्यच नसलेली लहान मुले आणि शारीरिक व्यंग असलेले पुरुषही होते. कलोनच्या कॅथेड्रलखाली १९५९ मध्ये सापडलेला सुमारे सहा वर्षांचा मुलगा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या मुलाजवळ मोठ्या माणसाची शस्त्रे आणि मुलाच्याच डोक्याच्या मापाचे शिरस्त्राण होते. तो जे कधी झाला नाही ते त्याच्या थडग्यात मांडलेले आहे. एवढ्या लहान मुलाला हा मान मिळतो याचा अर्थ त्या घराण्यात तरी दर्जा जन्माने येऊ लागला होता, आणि तो पुरावा लोहकार यांच्या बाजूचा आहे हे मी प्रांजळपणे नमूद करतो. राजकुळाच्या पातळीवर हे आधी घडले आणि खेड्यापाड्यांच्या पातळीवर शंभर-सव्वाशे वर्षांनी, असे मला वाटते.

हा उशिराचा टप्पा दक्षिण जर्मनीतील लाउखहाइममध्ये स्पष्ट दिसतो. तेथे सुमारे १,३०० थडग्यांची दफनभूमी आणि तिच्याशी संबंधित वस्ती अशा दोन्हींचे उत्खनन झाले, जे एरवी क्वचितच घडते. दोन शतके सर्व जण एकाच दफनभूमीत पुरले जात होते, त्यात काही थडगी श्रीमंत आणि बहुसंख्य साधी होती. सातव्या शतकाच्या अखेरीस मात्र वस्तीतल्या सर्वांत मोठ्या वाड्यालगत मोजक्याच माणसांची वेगळी संपन्न थडगी येतात. या घराने गावाच्या रांगेतून स्वतःला बाहेर काढले आणि आपले मृत आपल्या जमिनीवर, आपल्या कुंपणाशी पुरले. मला विचाराल तर स्थानिक अभिजनांच्या उदयाची खरी निशाणी तलवारींच्या संख्येत नसून थडग्याच्या या स्थलांतरात आहे. याच काळात आजच्या स्वित्झर्लंडमध्ये आणि दक्षिण जर्मनीत लहान चर्चच्या आत पुरलेले संस्थापक सापडतात, म्हणजे ज्याने चर्च बांधले त्याच्याच कुटुंबाला त्याच्या आत जागा.

त्यानंतर लवकरच सामग्री ठेवणे थांबते. इंग्लंडमध्ये कालनिश्चितीच्या नव्या पद्धतींनी हा शेवट ६७० ते ६८० च्या दशकांत आणला आहे, खंडावर तो साधारण ७०० च्या आसपास येतो. ख्रिस्ती धर्माने ही चाल बंद केली असे सर्रास लिहिले जाते, पण चर्चने दफनसामग्रीवर सरसकट बंदी घातल्याचे दिसत नाही. क्लोव्हिसचा मुलगा पहिला क्लोटार याची राणी आर्नेगुंड सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसजवळच्या सां-दनीच्या पवित्र बॅसिलिकेत (मोठ्या चर्चमध्ये) रेशीम, सोने आणि नावाची अंगठी यांसह पुरली गेली होती. माझ्या मते चाल थांबली ती तिचे काम दुसरीकडे होऊ लागले म्हणून. सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्हाइसेनबुर्गसारख्या मठांना जमिनी दान केल्याचे दस्तऐवज उपलब्ध आहेत. त्यांत देणाऱ्याचे, त्याच्या आईबापांचे आणि साक्षीदारांचे नाव राहते, मठात त्याच्यासाठी प्रार्थना चालते आणि अनेकदा ती जमीन कसायला त्याच्याच वंशाकडे परत मिळते. तलवार गाडली तर गेली, मठाला दिलेली जमीन एका अर्थाने घरातच राहते.

लोहकार यांचा प्रतिसाद

क्लोव्हिसविषयीचा युक्तिवाद मला मान्य आहे, पण त्याचे थडगे सापडलेलेच नसल्यामुळे आत काय नव्हते हे सांगताना जपून बोलावे. आर्नेगुंडच्या उदाहरणावरून दिसते, की चर्चमध्ये पुरणे म्हणजे रिकाम्या हाताने पुरणे नव्हे.

पूर्व इंग्लंडमधील सटन हू येथील जहाजदफनाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. १९३९ मध्ये बेसिल ब्राउन यांनी एडिथ प्रिटी यांच्या जमिनीवर उघडलेल्या उंचवट्यात सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा होता. त्यातील ३७ सोन्याची नाणी मेरोव्हिंजियन (क्लोव्हिसच्या राजघराण्याच्या) गॉलमधली आहेत आणि प्रत्येक वेगळ्या टाकसाळीतले आहे, म्हणजे ती व्यापारातून हाताला लागलेली चिल्लर नसून निवडून जमवलेला संच आहे. दागिन्यांतील गार्नेट, म्हणजे तामडा, हा त्या काळच्या युरोपीय संबंधांचा चांगला माग देतो. रासायनिक विश्लेषणांनुसार पाचव्या-सहाव्या शतकातील बहुतेक खडे भारत आणि श्रीलंका येथून आलेले होते आणि ६०० च्या पुढेमागे त्यांची जागा बोहेमियातील लहान खड्यांनी घेतली. हे थडगे बहुधा पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे. जवळच्या रेंडलशॅम येथे बीड या आठव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने उल्लेखलेले राजाचे निवासस्थानही आता सापडले आहे. तेव्हा येथे तरी संपत्ती, दूरचे संबंध, राजवाडा आणि थडगे एकमेकांशी जुळतात. अर्थात रेडवाल्डनंतरची सत्ता त्याच्या घराण्यात सुरळीत गेली नाही हे बीडच्याच वृत्तांतावरून कळते, त्यामुळे मृद्भांड हे उदाहरण आपल्याकडे ओढतील याची मला कल्पना आहे.

आणखी एक अडचण या सर्व आकडेमोडीला लागू आहे. मेरोव्हिंजियन काळातील असंख्य थडगी पुरल्यानंतर काही वर्षांतच, म्हणजे वरची खूण अजून दिसत असताना, पुन्हा उघडली गेली आहेत. दक्षिण इंग्लंडपासून ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत हे आढळते. अनेक ठिकाणी तलवारी आणि ब्रोच काढून घेतलेले आहेत आणि तितक्याच मौल्यवान काही वस्तू तशाच सोडलेल्या आहेत, यावरून यामागे निव्वळ चोरी नव्हती, कोणाला तरी ठरावीक वस्तू परत हव्या होत्या असे दिसते. दुसरीकडे सॅलिक कायदा पुरलेल्या प्रेताला लुबाडणाऱ्यास समाजाबाहेर टाकतो आणि मृताच्या नातेवाइकांशी समेट होईपर्यंत त्याला परत घेत नाही. ज्या थडग्यांवरून आपण घराण्यांची पत मोजतो आहोत त्यांतील सर्वांत भरलेली थडगीच बहुधा रिकामी झालेली आहेत. म्हणून दफनभूमीच्या अहवालात पुन्हा उघडलेल्या थडग्यांचे प्रमाण दिलेले नसेल, तर त्यातील श्रेणींच्या तक्त्यावर मी तरी कोणताही निष्कर्ष बांधत नाही.